पडदा आणि पातेले

मनुष्याला अन्नाइतकीच करमणुकीचीही भूक असते. दिवसभर शेतात, कचेरीत किंवा वर्गात राबलेला जीव संध्याकाळी चार घटका हसू-रडू पाहतो, यात गैर असे काही नाही. पूर्वी ही भूक भागविण्यासाठी जत्रेची, कीर्तनाची किंवा गावात येणाऱ्या नाटकमंडळीची वाट पाहावी लागे. आज ती भागविणारे यंत्र घरोघरी खिशात आहे आणि ते अहोरात्र वाढीत असते. पंगतीतला वाढपी थांबतच नसेल, तर ‘पुरे’ म्हणण्याची जबाबदारी जेवणाऱ्यावर येते. आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबात तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. जे पाहावयाचे, ते आपल्या श्रद्धेला धरून आहे काय? त्या प्रश्नाविषयी, आणि वाचकांना नवल वाटेल, पण मलईत घोळविलेल्या मासळीच्या पास्त्याविषयीही आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत. या दोहोंची गाठ आमच्या घरी एकाच वेळी पडली.

आमची कन्या आठवीत आहे. करेज्मात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, तिने एक परदेशी मालिका पाहण्याची परवानगी मागितली. त्या मालिकेत खेळात हरणाऱ्यांना जागीच ठार मारतात, आणि ती प्रौढांसाठी असल्याची सूचना आरंभीच दिलेली असते. आम्ही नकार देताच ती म्हणाली, “वर्गांतल्या सगळ्यांनी ती पळयल्या; हांव एकलीच उरल्यां.” या वाक्यावर हसून मोकळे होणे आम्हांला जमले नाही. तेराव्या वर्षी घोळक्यात बोलावयास विषय नसणे हे दुःख लहान नव्हे. नकार देणारे आम्ही. त्याची किंमत मात्र मधल्या सुट्टीत तिने मोजावयाची होती.

मग आम्ही तिला आमची मोजपट्टी समजावून दिली. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, जे सत्य, आदरणीय, न्याय्य व शुद्ध आहे त्याचे मनन करावे, असा उपदेश आहे. त्यात निषिद्ध वस्तूंची यादी नाही; ज्याने त्याने विचार करावयाचा आहे. त्यावरून आम्ही घरात तीन प्रश्न ठरविले आहेत. या खेळात किंवा कथेत माणसाला माणूस म्हणून वागविले आहे, की मारण्याची वा हसण्याची वस्तू म्हणून? पाप दाखविले असेल तर त्याचे दुःख दाखविले आहे, की त्याची चव लावली आहे? आणि पडदा बंद केल्यावर शेजारी बसलेल्या माणसाशी आपण अधिक ममतेने वागतो, की त्याच्यावर खेकसतो? दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे सांगितले पाहिजे. काइनाने भावाचा केलेला खून आणि दावीद राजाचे पाप ही दोन्ही बायबलातच आहेत. तेव्हा रक्त दिसले की चित्र वाईट, असा सोपा निवाडा आम्हांला करता येत नाही.

यादीचा मार्ग पूर्वी पुष्कळांनी चोखाळून पाहिला आहे. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांविषयी एक परिपत्रक काढले. अनीतिकारक चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा लोकांकडून दरवर्षी घ्यावी आणि कोणते चित्रपट ग्राह्य, कोणते त्याज्य हे प्रसिद्ध करावे, असा त्याचा आशय होता. पुढे १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा व्हॅटिकनने निराळीच यादी दिली. ‘धर्म’, ‘मूल्ये’ आणि ‘कला’ या तीन सदरांखाली प्रत्येकी पंधरा अशा पंचेचाळीस चांगल्या चित्रपटांची ती नावे होती. त्यांत १९८२ सालचा ‘गांधी’ आहे, आणि युद्धात मेलेल्यांचे दफन करण्यासाठी बौद्ध भिक्षू होणाऱ्या जपानी सैनिकाची कथा सांगणारा १९५६ सालचा ‘द बर्मीज हार्प’ही आहे. पडद्यावर क्रूस दिसला म्हणजे चित्र ख्रिस्ती, न दिसला म्हणजे परके, ही समजूत या यादीने पार मोडून काढली.

किंबहुना, त्याज्य वस्तूच्या जागी ग्राह्य वस्तू ठेवण्याचा हा धडा आमच्या भूमीला चारशे वर्षांपूर्वीच मिळाला होता. गोव्यातील नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांचे श्रवण सोडावे लागले आणि त्यांच्या कानांना ती ओढ लागून राहिली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडात जन्मलेल्या धर्मगुरूने ती ओढ ओळखली. ‘ते ऐकू नका’ एवढेच सांगून तो थांबला नाही. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले. विद्यार्थी मित्रहो, आपण या शाळेत जी मराठी शिकतो तीच त्या ग्रंथाची भाषा आहे. कोंकणी बोलणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांना तिचा अभिमान वाटतो, याचे हेही एक कारण होय.

स्टीफन्सचे उदाहरण मनात आले आणि आमच्या ध्यानात आले की, नकारानंतर आता आपण काही वाढले पाहिजे. आम्ही कन्येला म्हटले, “ईस्टरनंतरच्या रविवारी दोन मैत्रिणींना जेवावयास बोलाव. चित्रपट आम्ही निवडू, जेवण तू निवड.” तिने तात्काळ मलईचा मासळी-पास्ता मागितला, आणि तो येत्या शुक्रवारीच करू, त्यात मांस थोडेच आहे, असा पुरवणी अर्जही केला.

अर्ज कायद्याला धरून होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपासाचे नियम नव्याने सांगितले, त्यांनुसार शुक्रवारी मांस वर्ज्य आहे. मासळी, अंडी आणि दुधाचे पदार्थ चालतात. म्हणजे कोळंबी आणि मलई दोन्ही निर्दोष ठरतात! परंतु आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. घरच्या आजीने निवाडा केला की, शुक्रवारी पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. फेस्ताचे जेवण फेस्ताला. शब्दाने नियम पाळून अर्थाने तो मोडता येतो, हे कन्येला आमच्या तीन प्रश्नांपेक्षा त्या पेजेनेच अधिक लवकर कळले असावे.

ठरलेल्या रविवारी आम्ही सकाळीच बेळगावच्या मासळीबाजारात गेलो. सात माणसांसाठी अर्धा किलो कोळंबी, पाव किलो माणकें, ज्यास मालवणाकडे म्हाकूळ म्हणतात, आणि दोन डझन तिसऱ्या घेतल्या. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांतली वाळू काढून टाकली. कोळंबीची डोकी व साले फेकली नाहीत. ती थोड्या तेलात परतून, कांदा व मिरे घालून वीस मिनिटे उकळली आणि गाळून घेतली. या पदार्थाचा सारा जीव त्या रसात असतो. मलई ही केवळ त्याचे वस्त्र होय.

पास्त्याला १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, असे इटालियन लोकांचे प्रमाण आहे. आम्ही ५०० ग्रॅम पास्ता खळखळत्या पाण्यात टाकला आणि तो पुरता शिजण्यापूर्वी दोन मिनिटे बाहेर काढला. त्याचे एक वाटी पाणी राखून ठेवले, कारण त्यातील पिष्टामुळे रस व मलई एकजीव होतात. लोण्यात लसूण परतून कोळंबी लाल होताच बाजूला काढली. माणकें दीड-दोन मिनिटांवर ठेवली नाहीत. अधिक वेळ राहिली तर रबर होतात, आणि मग पाऊण तास शिजविल्यावाचून मऊ होत नाहीत. मग रस घालून त्यात तिसऱ्या उघडू दिल्या. ज्या मिटूनच राहिल्या त्या काढून टाकल्या. आच मंद करून २०० मिलिलिटर दाट मलई ओतली, पास्ता त्यातच शिजवून पुरा केला, मासळी परत घातली आणि विस्तव विझविल्यावर लिंबू पिळले. आधी पिळले असते तर मलई फुटण्याचा धोका होता. हुमणात नारळाचा दाट रस शेवटी घालावा आणि त्याला रटरट उकळू देऊ नये, हे जिला ठाऊक आहे, त्या कोणत्याही कोंकणी गृहिणीला ही युक्ती परकी वाटणार नाही. वर किसलेले चीज मात्र घातले नाही. मासळीवर ते घालणे इटलीतही सहसा मान्य नाही, आणि मलईचा अतिरेक झाला की समुद्राची चव बुडते.

जेवणानंतर पाहिला तो गाब्रिएल आक्सेल यांचा १९८७ सालचा डॅनिश चित्रपट ‘बाबेट्स फीस्ट’. व्हॅटिकनच्या यादीतील ‘धर्म’ या सदरात तो आहे. समुद्रकाठच्या एका खेड्यात दोन वृद्ध बहिणी व त्यांचे भाविक सोबती सुकी मासळी आणि पावाचे सार खाऊन राहतात. पॅरिसमधील धामधुमीतून आश्रयास आलेली बाबेट त्यांची चौदा वर्षे सेवा करते. तिला सोडतीत दहा हजार फ्रँक मिळतात, तेव्हा ती ते सारे एका मेजवानीवर खर्च करते. अन्नाची गोडी घेणे पाप, अशा भीतीने ती मंडळी जेवणाविषयी चकार शब्द न काढण्याचे ठरवितात. तरीही जेवता जेवता त्यांची जुनी भांडणे विरघळून जातात.

पहिला अर्धा तास मुली चुळबुळत होत्या. खालची इंग्रजी अक्षरे वाचण्यास अडचण येई, म्हणून आम्ही मधून मधून थांबवून मराठीत सांगत होतो. मेजवानी सुरू झाली आणि तिघीही गप्प झाल्या. शेवटी एकीने विचारले, “सगळे पैसे घालवले, आता तिचे कसे होणार?” दुसरी म्हणाली, “घालवले कुठे? वाढले.” त्यावर वाद माजला, आमच्या कन्येने दोघींशीही भांडण केले. सोमवारी मधल्या सुट्टीत त्या तिघींपाशी बोलावयास विषय होता.

त्या मालिकेचा प्रश्न यामुळे कायमचा मिटला, असे आम्ही म्हणत नाही. पुढील वर्षी दुसरी येईल आणि मुलगी मोठी होत जाईल. केव्हातरी निवड तिची तिने करावयाची आहे. तोपर्यंत ज्या दिवशी एखाद्या गोष्टीला नाही म्हणावयाचे, त्या दिवशी तिच्या जागी काय वाढावयाचे हेही ठरवावे, असा नियम आम्ही घरात केला आहे. आमचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहीत. पण प्रत्येकाच्या घरी काही व्रत आणि काही सण असतोच. आपापल्या घरी हा नियम त्यांनी करून पाहावा.