परक्याचे सुतक

सुतक कोणाचे आणि किती दिवस धरावे, ह्याचे हिशेब आपल्या घरांतून फार पूर्वीच ठरून गेले आहेत. सगोत्राचे दहा दिवस, सासरी गेलेल्या लेकीचे तीन, दूरच्या आप्ताचे केवळ स्नान. बडोद्यास येऊन पिढ्या लोटल्या तरी सांगली-साताऱ्याकडचे कोणी गेल्याचे कळले की आमच्याकडची वडीलधारी मंडळी अजून मुकाट्याने न्हाणीघराकडे वळतात. मात्र ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही, ज्यांना आपण कधी पाहिले नाही, अशा कोणाचा मृत्यू मनाला लागून राहिला तर काय करावे, ह्याची सोय त्या हिशेबात चटकन सापडत नाही. स्वाती ढुमणे ह्यांच्या बाबतीत आम्हांस हीच अडचण आली.

त्या वनरक्षक होत्या. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात, कोलारा भागात त्यांची नेमणूक होती. शनिवार, दिनांक २० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी, त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असता, तीन वनमजुरांना बरोबर घेऊन त्या व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघाल्या. कोलाऱ्याच्या प्रवेशद्वारापासून सुमारे चार किलोमीटर आत गेल्यावर पुढे वाटेवरच एक वाघीण बसलेली त्यांना दिसली. अंतर सुमारे दोनशे मीटर. चौघेही थांबले. अर्धा तास थांबले. वाघीण उठेना, तेव्हा वाट सोडून दाट झाडीतून वळसा घालून पुढे जावे असे ठरले. मजूर पुढे होते, स्वातीताई मागे. झाडीतील हालचाल वाघिणीने टिपली, ती मागून आली आणि त्यांना ओढून घेऊन गेली. पुढे शोध घेतल्यावर त्यांचा देह रानात सापडला.

येथे त्या अर्ध्या तासाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. अनेकांनी त्या वेळी घाईघाईने म्हटले की त्यांनी परत फिरायला हवे होते. घरात बसून असे म्हणणे फार सोपे असते. वाघ दिसला म्हणून परत फिरायचे ठरवले, तर ताडोबातल्या वनरक्षकाने वर्षातले किती दिवस काम करावे? वाघ दिसला की थांबायचे, त्याला वाट द्यायची, तो गेला की पुढे व्हायचे, ही तेथील नित्याची रीत. त्या दिवशीही रीतीप्रमाणेच थांबणे झाले. नवखेपणाने किंवा धिटाईच्या हौसेने कोणी वाघिणीसमोर गेले नव्हते.

आणि ते काम तरी कसले? ह्याची माहिती आपल्या घरांत फारशी नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पूर्वी वाघांची मोजणी पावलांच्या ठशांवरून होत असे. मातीतल्या ठशावर काच धरून त्याची रेघ उतरवून घ्यायची किंवा प्लॅस्टरचा साचा काढायचा आणि ठशांवरून वाघ ओळखायचे. ह्या पद्धतीत चुका फार. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते आणि रानात एकही उरला नव्हता, हे २००५ साली उघडकीस आले, तेव्हा सारी पद्धतच बदलावी लागली. २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर नवी गणना होते. तिच्यात रानात लावलेले कॅमेरे आहेत, संगणक आहेत, गणितज्ञ आहेत. परंतु ह्या सर्वांच्या आधी एक पायरी येते. प्रत्येक वनरक्षकाने आपापल्या नियतक्षेत्रात निदान पाच किलोमीटरची वाट चालून जायची आणि वाघ, बिबट्या, अस्वल ह्यांच्या खुणा टिपायच्या. ठसा, विष्ठा, झाडाच्या खोडावरील नखांचे ओरखडे, जमिनीवर ओढलेले पंजे. असे एकाहून अधिक दिवस करायचे. नंतर सरळ रेषेत दोन किलोमीटर चालून हरणे, सांबरे, रानडुकरे मोजायची. ह्यातील पहिली वाट कशी निवडायची? जेथून वाघ जाण्याचा संभव सर्वांत अधिक, तीच वाट निवडायची. नियमच तसा आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. मोटार नाही, पिंजरा नाही, बंदूक नाही. हातात फार तर काठी, आणि नोंदी करण्यासाठी फोन.

त्या २०२२ च्या गणनेसाठी देशातील वनकर्मचारी एकूण सहा लाख चाळीस हजार किलोमीटरांहून अधिक पायी चालले. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे सोळा प्रदक्षिणा झाल्या. २०२३ च्या जुलै महिन्यात आकडा जाहीर झाला: भारतात अंदाजे ३६८२ वाघ, त्यांपैकी महाराष्ट्रात ४४४. वर्तमानपत्रांनी आनंदाने मोठे मथळे दिले, आम्हीही आनंदाने वाचले. वाचता वाचता मनात आले की ह्या आकड्याखाली एक सही पुरी व्हायची राहिली आहे. स्वातीताईंच्या मृत्यूनंतर ताडोबातील पायी गणना तेवढ्यापुरती थांबवण्यात आली होती.

विदर्भातील जुनी माणसे वनरक्षकाला नाकेदार म्हणत. त्या शब्दात थोडा धाकही होता. लाकडाची मोळी अडवणारा, गुरे कोंडवाड्यात घालणारा, असा तो माणूस. गावकरी आणि नाकेदार ह्यांच्यातील जुने वैर खोटे नाही आणि त्यात सगळा दोष गावकऱ्यांचा नव्हता, हेही लिहिले पाहिजे. अशा खात्यात पुढे बायका आल्या. गुजरात सरकारने २००७ पासून गीरच्या जंगलात स्त्रियांची वनरक्षक म्हणून भरती सुरू केली, तेव्हा आपल्या इकडेही पुष्कळांनी भुवया उंचावल्या होत्या. सिंहाच्या रानात बाई काय करणार? आज त्या सिंहांना पकडून औषधोपचार करतात, विहिरीत पडलेला बिबट्या वर काढतात. पदांची उतरंड सांगायची तर वर वनक्षेत्रपाल, त्यांच्या खाली वनपाल आणि सर्वांत खाली वनरक्षक. वाघाच्या सर्वांत जवळ कोण, हे पाहिले तर हीच उतरंड उलटी वाचावी लागते.

आम्हां बडोदेकरांना जंगलाचे वेड नवे नाही. कमाटीबागेतील प्राणिसंग्रहालय १८७९ पासूनचे. तेथल्या पिंजऱ्यापुढे उभे राहून वाघ पाहिला नाही असे मराठी मूल बडोद्यात वाढले नसेल. गीरच्या रानाचा धारीकडचा भाग गायकवाडीत होता, त्यामुळे सिंहांच्या गोष्टीही घरोघरी. शिकारीच्या कथा तर विचारूच नका. कोणत्या साहेबाने कोणते जनावर कोठे टिपले, मचाण किती उंच होते, बार कितव्या खेपेस लागला, हे सारे तपशील लोकांना तोंडपाठ. परंतु त्या कथांतून हाकारे करणाऱ्यांची नावे तुम्ही कधी ऐकली आहेत काय? ढोल वाजवीत, झाडीवर काठ्या आपटीत जी माणसे वाघाला मचाणाकडे आणीत, ती पायी चालत. घायाळ वाघ उलटला तर प्रथम त्यांच्यावरच उलटे. कथेत ती ‘एक हाकाऱ्या’ म्हणून येतात आणि एका वाक्यात संपतात. शिकार गेली, बंदुका गेल्या, वाघ मारण्याचे दिवस जाऊन वाघ मोजण्याचे दिवस आले, हे उत्तमच झाले. झाडीत पायी जाणारा माणूस मात्र अजून तोच आहे आणि आम्ही अजून जिप्सीत बसून त्याच्या शेजारून धूळ उडवीत जातो.

ती वाघीण फार प्रसिद्ध होती. तिचे नाव माया. तिची जितकी छायाचित्रे निघाली तितकी चित्रपटातल्या नटीचीही निघाली नसतील. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती कोणास दिसली नाही. नोव्हेंबरात एका जनावराचे अवशेष रानात सापडले आणि तपासणीत ते तिचेच ठरले. तेव्हा तिच्यावर मृत्युलेख आले, हळहळ व्यक्त झाली. त्या हळहळीत खोटे काही होते असे आम्हांस म्हणायचे नाही. वाघिणीवर राग धरणेही मूर्खपणाचे होईल. ती तिच्या रानात बसली होती. परंतु ताडोब्याहून फिरून आलेल्या आमच्या परिचयातील दहा जणांना आम्ही विचारले. मायाचे नाव दहाही जणांना ठाऊक होते, स्वाती ढुमणे हे नाव एकालाही नाही. त्यात एक निवृत्त प्राध्यापक होते आणि दोन पक्षिनिरीक्षक.

वास्तविक ताडोब्याचे नाव तरी कोणाचे आहे? तेथील गोंड लोक सांगतात की तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, आणि तोच देव झाला. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे जत्रा भरे. १९५५ साली महाराष्ट्रातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा कागदावर जे नाव चढले ते वाघाकडून मेलेल्या माणसाचे. त्याला मारणारा वाघ कोणता, हे गोंडांनी लक्षात ठेवले नाही, माणूस ठेवला. आपल्याकडे वीरगळ आहेत. खालच्या पट्टीत झुंज आणि मरण, वरच्या पट्टीत अप्सरा त्याला नेत आहेत, सर्वांत वर तो शिवलिंगापाशी बसला आहे. सौराष्ट्रात गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेले पाळिये उभे असतात, गाई वळवून आणताना पडलेल्यांचे. गाव राखताना जो गेला त्याला दगडात उभे करावे, ही बुद्धी मराठी माणसाला होती आणि गुजराती माणसालाही होती.

सरकारनेही एक दिवस नेमला आहे. २०१३ पासून ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनहुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १७३० साली जोधपूरजवळ खेजडली गावी राजाची माणसे झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून इतर बिश्नोई स्त्रीपुरुष झाडांना मिठी मारून उभे राहिले. ३६३ माणसे कापली गेली. त्या घटनेची ही तारीख. ३१ जुलैला जगभरातील वनरक्षकांचा दिवसही असतो, तो २००७ पासून. दोन्ही दिवशी खात्याच्या आवारात सलामी होते, हार घातले जातात, सारे मनापासून होते. त्याची वार्ता आवाराबाहेर क्वचितच येते.

हे सारे दूर चंद्रपूरकडचे आहे असे बडोद्यात बसून वाटणे साहजिक. पण ते आता तितके दूर राहिलेले नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत आपल्याजवळच्या लुणावाड्याच्या परिसरात एक वाघ दिसला. मध्य प्रदेशातून शेकडो कोस चालत आलेला. गुजरातेत वाघ दिसण्याला तेव्हा दशके लोटली होती. त्याच महिन्यात तो मेलेला सापडला. पुढे २०२५ मध्ये रतनमहालच्या अभयारण्यात एक वाघ येऊन राहिल्याचे वनखात्याने सांगितले. रतनमहाल हे अस्वलांचे रान, बडोद्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे. बातमी आली तसे आमच्या ओळखीच्या मंडळींत बेत सुरू झाले. कोणाच्या गाडीने जायचे, दुर्बीण कोणाकडे आहे, ढोकळा किती घ्यायचा. आम्हीही त्यात होतो. तो वाघ तेथे आहे हे खात्याला कसे कळले असेल, एवढाच प्रश्न आम्ही त्या बैठकीत विचारला. कॅमेऱ्याने, असे एकाने सांगितले. कॅमेरा झाडाला बांधायला आणि त्यातील चित्रे काढून आणायला कोण गेले, ह्यावर बैठक थोडी शांत झाली.

भाद्रपदात ११ सप्टेंबर कधी गणपतीत येतो, कधी पितृपक्षात. पितृपक्षातील चतुर्दशी ही शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांची. दाढांच्या जनावराने मारलेल्यांनाही शास्त्राने त्याच तिथीला बसवले आहे. आणि महालयाच्या श्राद्धात सर्व आप्तांची नावे संपल्यावर एक धर्मपिंड असतो. ज्यांच्याशी आपले नाते नाही, ज्यांचे आपण काही देणे लागतो, अशांसाठी. म्हणजे आरंभी म्हटलेल्या हिशेबात सोय होती. आम्हीच तेथवर वाचले नव्हते.

स्वातीताईंच्या घरची रीत त्यांची, त्यांचे दुःखही त्यांचे. त्यात परक्याने पाऊल टाकू नये. ही आमच्या बाजूची गोष्ट. गेल्या सर्वपित्रीला धर्मपिंडाच्या वेळी गुरुजी थांबले, तेव्हा आम्ही नाव सांगितले. गुरुजींनी नाते विचारले. आम्ही म्हणालो, आमच्यासाठी चालत होत्या. ते काही बोलले नाहीत. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे अशी परंपरा आहे, त्याप्रमाणे त्यांनी काश्यप म्हटले आणि पाणी सोडण्यासाठी हात पुढे करावयास सांगितले.