चंद्र, दुर्बीण आणि घड्याळ

संगणकाच्या योगाने आपोआप वळणाऱ्या दुर्बिणीस दोन ताऱ्यांची ओळख पटवून दिली की, तिचे घड्याळ तासभर चुकलेले असले तरी इतर तारे तिला सापडतात. चंद्र मात्र तेवढ्या वेळात ताऱ्यांमधून स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेस सरकतो. तोच नेमका हुकतो. संकष्टीस दिवसभर उपाशी राहिलेल्या आमच्या आजीस अशा वेळी गच्चीवर तिष्ठत ठेवणे बरे नव्हे! म्हणून यंत्राने ‘उन्हाळी वेळ आहे काय?’ असे पुसताच ‘नाही’ म्हणावे. ती चाल परदेशची. स्थळही खरेच सांगावे. अकोल्याहून अमरावती सुमारे पाऊण अंश पूर्वेस. चंद्रोदयात तीनेक मिनिटांचा फरक. आजीस हे पंचांगावरून ठाऊक. आमच्या यंत्रास मात्र गाव बदलले की नव्याने सांगावे लागते.