‘वेळ मिळाला की टाक गं...’

‘वेळ मिळाला की हा टाक गं. घाई नाही.’

मामाचा असा मेसेज आला की पोटात गोळा यायचा. सोबत एक फोटो. कधी मुंजीतला, कधी ढोलताशा पथकाचा. मी उत्तरादाखल अंगठा पाठवायचे आणि विसरून जायचे. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय, ते सांगायला नकोच! पण फ्रीलान्सर माणूस, आपली डेडलाइन सांभाळू की मामाची वेबसाइट?

माझा मामा पुण्यात लग्नाचे फोटो काढतो. अगदी रोल धुण्याच्या जमान्यापासून. 2008 मध्ये त्यानं हौसेनं वेबसाइट करून घेतली होती. फ्लॅशमधली. उघडली की सनई वाजायची, पडदा सरकायचा आणि मामाचं नाव झळकायचं. सॉलिड स्टाइल! पण एक फोटो बदलायचा तर डिझायनरच्या मागे लागायचं, वर त्याचे वेगळे पैसे. मामानं नाद सोडला. पुढे 2020 च्या डिसेंबरअखेर अ‍ॅडोबीनं फ्लॅश प्लेअरचा सपोर्टच थांबवला आणि सनईसकट साइट गायब. उरली ती रिकामी चौकट.

म्हटलं, मी करते. मास कॉमला असताना एचटीएमएल शिकले होते, त्याचं चीज होईल! महिनाभर जागून साइट केली. काळी पार्श्वभूमी, मोठ्ठे फोटो... मामी तर शेजारच्यांना बोलावून दाखवत होती. गोम एकच. नवा फोटो टाकायचा तर त्याची छोटी आवृत्ती करा, कोडमध्ये ओळ घाला, सर्व्हरवर चढवा. आणि हे फक्त मलाच यायचं.

म्हणजे जुना डिझायनर गेला, त्याच्या जागी मी आले. फुकटात, एवढाच फरक!

मग एका लग्नाचं काम मामाच्या हातून गेलं. मुलीचे वडील ओळखीतले. पण मुलगी म्हणाली, ‘काका, तुमच्या साइटवर दोन वर्षांत नवीन काहीच नाही. मला वाटलं, तुम्ही काम बंद केलंत.’ मामानं हे मला हसतहसत सांगितलं. वर म्हणाला, ‘तुला तरी किती कामं असतात.’ त्या रात्री त्याचे मेसेज वर सरकवत गेले. न टाकलेले फोटो मोजले. एकसष्ट.

रविवारी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे धडकले. साइट कशी दिसायला हवी, हे या वेळी विचारलंच नाही. विचारलं, ‘मामा, तू फोटो निवडतोस कधी?’ ‘रात्री जेवल्यावर, अर्धा तास.’ बस! साइट त्या अर्ध्या तासात बसली पाहिजे.

वर्डप्रेस घेतलं. त्यात फोटोच्या छोट्या आवृत्त्या आपोआप तयार होतात, कोडला हात लावावा लागत नाही. कप्पे चारच: लग्न, मुंज, उत्सव, चेहरे. प्रत्येकात वीस फोटो. एकविसावा हवा तर एक काढायचा. लाइटरूममध्ये प्रीसेट करून दिला, लांब बाजू 2000 पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चढवायचा नाही, तो वाटेतच दाबला गेलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, डोमेन-होस्टिंग मामाच्या नावावर, पासवर्ड त्याच्याच डायरीत.

माझ्या आधीच्या साइटपेक्षा ही साधी दिसते. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी मामानं एक उभा फोटो आडवा चढवला. माझे हात शिवशिवले, पण गप्प बसले. दहा मिनिटांनी त्यानंच तो सरळ केला.

तुमच्याकडेही कुणी काका, मैत्रीण, भाऊ अशी साइट मागत असेल. जरूर करून द्या. फक्त आधी स्वतःला विचारा, आपण महिनाभर गायब झालो तर ती चालेल का?

हल्ली मामाचे मेसेज कमी झालेत. परवा एक आला, ‘साइट बघ.’ उघडली. ‘चेहरे’मध्ये पहिला फोटो माझाच! लॅपटॉपवर वाकलेली, केस विस्कटलेले, पार अवतार. लगेच लिहिलं, ‘मामा, काढ तो आधी!’

उत्तर आलं, ‘वेळ मिळाला की काढतो गं. घाई नाही.’