आजीचे छायाचित्र

१९७४ सालच्या वैशाखात काकांनी आपला घडीचा कॅमेरा प्रथमच माझ्या हाती दिला. रोल १२५ एएसएचा. त्यावर चित्रे बाराच. “कडक उन्हात भिंगाचे छिद्र १६ वर आणि वेग १२५ वर ठेव,” एवढाच मंत्र त्यांनी दिला. म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, तेवढाच वेळ प्रकाश आत यायचा.

आमच्या नागपुरात वैशाखात उन्हाची वाण कसली! झिरो माइलचा स्तंभ, फुटाळ्याचे पाणी, सारे सुरेख उतरले. आजीला मात्र मी महालातील आमच्या वाड्यात कडुनिंबाच्या सावलीत बसविले होते. मागे उन्हात न्हालेली चुन्याची भिंत. चित्र आले ते भिंतीचे! आजीचा चेहरा काळाठिक्कर. “भिंत छान आली हो, बाळ,” ती म्हणाली. जन्मात तिचे एकही छायाचित्र निघाले नव्हते. मला रडूच कोसळले.

काका म्हणाले, “ऊन भिंतीवर होते, आजीवर होते काय?”

मुलांनो, छिद्राच्या आकड्यांची रीत मोठी उलटी! आकडा लहान, तर छिद्र मोठे. १६ वरून ११ वर आले की प्रकाश दुप्पट, ८ वर चौपट, ५.६ वर आठपट. सावलीतल्या आजीला एवढा प्रकाश हवा होता.

दुसरा रोल मिळेपर्यंत दिवाळी उजाडली. आजी तोवर फार थकली होती. पुन्हा तोच कडुनिंब, तीच भिंत, छिद्र ५.६ वर.

या चित्रात भिंत पांढरीफटक पडली आहे. तिचा एक पोपडाही दिसत नाही. आजीच्या कपाळावरच्या गोंदणाचे ठिपके मात्र मोजून घ्यावेत!