धारदार अक्षरांच्या बाजूने

जावली तालुक्यातल्या मेढ्यात फ्लेक्स, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं यांची अक्षरजुळणी करताना चौकोनी, कोनदार देवनागरी मी कटाक्षाने टाळत आलो. बोरूचं वळण नाही ते देवनागरीच नव्हे, असं माझं ठाम मत होतं. आज ते मत राहिलेलं नाही.

निमित्त कबड्डीच्या सामन्यांच्या फलकाचं. मंडळाच्या पोरांनी ‘टेको’ हाच फॉन्ट हवा म्हणून हट्ट धरला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, 2014 साली आलेला, कुणालाही मोफत मिळणारा. मी माझ्या आवडीच्या वळणदार अक्षरातही एक नमुना काढला आणि दोन्ही रस्त्याच्या कडेला लावून पलीकडून पाहिले. वळणदार अक्षराच्या बारीक रेघा उन्हात विरून गेल्या. जाड भाग तेवढे डागांसारखे उरले. टेकोची रेघ सगळीकडे जवळपास एकाच जाडीची, अक्षर उंच आणि अरुंद. त्यामुळे ‘महाबळेश्वर’ एका ओळीत बसूनही मोठंच राहिलं. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत झाली नाही. केळघर घाटाकडे निघालेल्या एसटीच्या खिडकीतल्या माणसाला फलकासाठी मिळतात दोन-तीन सेकंद; पावसाळ्यात धुकं उतरलं की तेवढीही नाहीत. त्या माणसाचा विचार मी कधी केलाच नव्हता.

मग बोरूकडेही नव्याने पाहिलं. त्याचं टोक तिरकंच कापलेलं असतं. रेघ सुरू होते तिथे आणि संपते तिथे धार असतेच. शिलालेखातल्या छिन्नीलाही कोन वर्ज्य नव्हता. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची शीर्षकं मी वळणासाठी जपून ठेवली होती. त्यांतही नाटकाचा स्वभाव बदलला की अक्षराचा स्वभाव बदलतो. परंपरेच्या नावाखाली मी त्यातला एकच तुकडा धरून बसलो होतो.

म्हणून आता सगळीकडे कोनच, असं नाही. ‘सरपंच’ हा त्याच फाउंड्रीचा रुंद, चौकोनी फॉन्ट. त्याची सर्वांत जाड ‘ब्लॅक’ धाटणी मथळ्याला जबरदस्त शोभते; पण त्यातच खालचा पत्ता आणि वेळ टाकली की गाठी बुजतात, जोडाक्षरं काळी पडतात. तिथे ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मुक्त’ बरा. दशक्रियेच्या निवेदनाला तर धारदार अक्षर मी आजही लावणार नाही. घरात दुःख असताना अक्षराने आवाज चढवू नये.

‘ल’च्या बाबतीत मात्र माझा आग्रह कायम आहे. कोनदार फॉन्टात हिंदी धाटणीचा, दंडाचा ‘ल’ आला की मी कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाची अक्षरं रेषाकृतीत (कर्व्हमध्ये) बदलतो आणि पाकळीचा मराठी ‘ल’ त्याच जाडीत, त्याच कोनांत हाताने काढतो. पोरं ताटकळतात, पण ‘जावली’ लिहायचं तर ते आपल्या ‘ल’नेच.