दंड पुढे करण्याआधी

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडच्या लसीकरणास आरंभ झाला व पहिला मान आरोग्यसेवकांना मिळाला. नाशिकरोडची आमच्या परिचयातील एक परिचारिका मात्र मोबाईलवर दोनदा निरोप येऊनही केंद्रावर गेली नाही. वीस वर्षे इतरांच्या दंडात सुई टोचणाऱ्या बाईने स्वतःचा दंड मागे घ्यावा, याचे आम्हांस नवल वाटले.

आम्ही विचारले. ती अजाण नव्हती. सारे वाचून होती. तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांचे निष्कर्ष येण्याआधीच, ३ जानेवारीस, कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली होती. त्या लशीसाठी वेगळे संमतिपत्र भरून घेत. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी तर पहिल्याच दिवशी पत्र लिहून कोव्हिशील्ड मागितली. आपल्या राज्यात बहुतेक केंद्रांवर पुण्याची कोव्हिशील्डच होती. पण संशय काही लेबल वाचून येत नाही! “शस्त्रक्रियेआधी रुग्णाला आम्ही सारे समजावतो, मग सही घेतो. आम्हांला कोणी समजावले?” असे ती म्हणाली. यास भित्रेपणा म्हणणे आम्हांस जमले नाही.

प्लेगच्या दिवसांत हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःस टोचून घेतली, त्यानंतरच ती इतरांपुढे ठेवली. या बाईपुढे तसे कोणी आले ते मार्चमध्ये : तिच्याच वॉर्डातील वयस्क सिस्टर. त्यांनी उपदेश केला नाही. दोन्ही डोस घेतल्यावर आपल्याला ताप किती आला, हात किती दिवस दुखला, ते सांगितले आणि तिच्या शंका ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी संपल्यावर दोघी मिळूनच केंद्रावर गेल्या.