मान सरळ ठेवण्यापुरती जागा

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या चिरंजीवांनी दोन उन्हाळ्यांच्या कमाईतून स्वतःची पहिली गाडी विकत घेतली. १९९५ सालची, तांबड्या रंगाची, दोन आसनांची माझदा मियाटा. वय एकोणीस, उंची सहा फूट तीन इंच. मिशिगनमधील आमच्या घरासमोर त्याने गाडी आणून उभी केली, तेव्हा मी आणि माझे वडील ओट्यावर बसलो होतो. वडील तीन महिन्यांसाठी नागपूरहून आले होते. मुलाचा चेहरा आनंदाने फुलला होता. परंतु छप्पर लावलेल्या त्या गाडीत तो मान उजवीकडे कलवून बसला आहे, हे माझ्या आधी माझ्या वडिलांच्या लक्षात आले. ते काही बोलले नाहीत. त्यांचा हात मात्र नकळत स्वतःच्या मानेवर गेला.

या गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी ती एमएक्स-५ या नावाने ओळखली जाते. तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत निघत होती. जमिनीपासून छपरापर्यंतची तिची उंची जेमतेम चार फूट. हलकी, बसकी आणि वळणावर चपळ असावी, याच हेतूने ती घडवलेली आहे, त्यामुळे डोक्यावरची जागा कमी असणे हा तिचा दोष म्हणता येत नाही. आसनापासून छपरापर्यंत सुमारे ३७ इंच मिळतात. मध्यम उंचीच्या माणसाला ते पुरेसे आहेत. आमच्या मुलाचे डोके मात्र, ताठ बसल्यास, कापडी छपरात अर्धा इंच रुतत असे. आणि त्या कापडाच्या आत छपराचा आकार धरून ठेवणाऱ्या लोखंडी कमानी असतात. रस्त्यावर खड्डा आला की काय होईल, याची कल्पना करायला अभियंता असण्याची गरज नव्हती.

माझे वडील नागपुरात एका व्यापाऱ्याची छोटी मालवाहू गाडी चालवत. संत्र्याच्या हंगामात काटोल-वरूडच्या फेऱ्या, एरवी किराणा आणि कापड. वडिलांची उंची सहा फूट. त्या गाडीचे केबिन इतके बुटके की ते मान डावीकडे कलवून बसत. सीटच्या खाली लाकडी ठोकळे होते. एकदा त्यांनी ते काढून ठेवले आणि आठवडाभर सुखाने गाडी चालवली. पण रात्रपाळीचा चालक ठेंगणा होता. त्याला समोरचा रस्ता दिसेना. मालकाने ठोकळे पुन्हा ठोकून घेतले आणि वडिलांना बजावले, ‘गाडी माझी आहे. तिला हात लावायचा नाही.’ त्यानंतर सोळा वर्षे त्यांनी तशीच मान वाकवून गाडी चालवली. गाडी सुटली, पण मानेचा कल आजही गेलेला नाही. माझे शिक्षण त्या सोळा वर्षांत झाले.

म्हणून त्या संध्याकाळी मुलगा जेवताना म्हणाला, ‘बाबा, सीट खाली घ्यायची आहे, मदत कराल का?’ तेव्हा मी क्षणभरही विचार न करता होकार दिला. विचार करायला हवा होता, हे पुढे समजले.

पहिला टप्पा सोपा होता. ही सीट चार बोल्टांनी गाडीच्या तळाला जोडलेली असते. सीट पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट, मागे सरकवून पुढचे दोन, असे १४ नंबरच्या पान्याने ते निघाले. डोके टेकण्याच्या उशीत बसवलेल्या ध्वनिक्षेपकांची आणि पट्ट्याच्या सूचकाची वायर सोडवली, आणि दोघांनी मिळून सीट अलगद बाहेर काढली. वरचे कापड लोखंडी कड्यांनी सांगाड्याला ओढून बसवलेले असते. ती कडी एकेक करून कापली. आतील फोमची गादी हाताला लागली.

या गादीत बरीच जागा दडलेली असते. फोम नेहमी खालच्या बाजूने कापावा. वरचा पृष्ठभाग आणि मांड्यांना आधार देणाऱ्या दोन्ही कडा तशाच ठेवाव्यात. आम्ही पाव काढण्याची विजेवर चालणारी सुरी वापरली. आधी रेघा आखून, थोडे थोडे कापत, मध्येच सीट गाडीत ठेवून मुलाला बसवून पाहत, असे ते काम दुपारभर चालले. घाईने एकदम कापले तर बसणाऱ्याला खालच्या लोखंडाचा स्पर्श जाणवू लागतो आणि कापलेला फोम परत जोडता येत नाही. अखेरीस सव्वा इंच मिळाला. डोके छपराच्या खाली आले खरे, पण केस अजून कापडाला घासत होते.

मुलाला आणखी दीड-दोन इंच हवे होते. त्याने त्याचा मार्गही शोधून ठेवला होता. सीट ज्या दोन लोखंडी रेलांवर मागेपुढे सरकते, त्या रेलांचे पाय ग्राइंडरने कापायचे, आखूड करायचे आणि पुन्हा वेल्डिंग करायचे. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. मोटारींच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर वेल्डिंग केले आहे. रेल घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि मुलाला विचारले, ‘पट्ट्याचे बक्कल कुठे लावलेले आहे?’

मुलाने सीटकडे बोट दाखवले. या गाडीत बक्कल सीटलाच जोडलेले आहे. गृहस्थ म्हणाले, ‘म्हणजे धडक बसली तर तुला धरून ठेवणार ही रेल. मी जोडून देऊ शकतो. पण ती तुला धरून ठेवील की नाही, हे मी सांगू शकत नाही. म्हणून मी जोडणार नाही.’

घरी येऊन मी वाचू लागलो. या देशातील संघीय सुरक्षा मानकांपैकी क्रमांक २०७ चे मानक आसनांविषयी आहे. आसनाच्या स्वतःच्या वजनाच्या वीस पट जोर पुढून आणि मागून लावला, तरी ते जागचे सुटता कामा नये, असे ते सांगते. आसन ४० पौंडांचे धरले, तर हा जोर ८०० पौंडांचा झाला. क्रमांक २१० चे मानक पट्ट्यांच्या बांधणीविषयी आहे. कमरेवरचा आणि खांद्यावरचा पट्टा मिळून असेल, तर दोन्ही भागांवर एकाच वेळी प्रत्येकी ३,००० पौंडांचा भार टाकून बांधणी तपासली जाते. पट्टा जिथे सीटला जोडलेला असतो, तिथे त्याच्या वाट्याचा भार सीटवरून रेलांवर आणि रेलांवरून त्या चार बोल्टांवर जातो. घरच्या आवारात केलेले वेल्डिंग बाहेरून कितीही सुबक दिसले, तरी त्याने हा भार पेलला आहे की नाही, हे फक्त एकदाच कळणार होते.

कायद्याचीही एक बाजू लक्षात आली. वाहन उत्पादक, विक्रेता किंवा दुरुस्तीचा व्यावसायिक यांना सुरक्षेसाठी बसवलेला भाग जाणूनबुजून निकामी करण्यास संघीय कायदा मनाई करतो. स्वतःच्या गाडीवर स्वतः काम करणाऱ्या मालकाला ही मनाई लागू होत नाही. प्रथम मला यात मोकळीक दिसली. नंतर उमगले की, या मोकळिकीचा अर्थ एवढाच आहे की चूक झाली तर तिचा धनी दुसरा कोणी नाही. वडिलांना गाडीला हात लावण्याचा अधिकार नव्हता. माझ्या मुलाला तो होता, आणि त्या अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी त्याला समजावून सांगणे हे माझे काम होते.

ते सोपे गेले नाही. ‘तुम्हाला काहीच करू द्यायचे नसते,’ असे म्हणून तो उठून गेला. दोन दिवस सीट दिवाणखान्यात तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, तो आणि आजोबा त्या सीटजवळ बसले होते. आजोबा त्याला ठोकळ्यांची गोष्ट सांगत होते. मी ती लहानपणापासून ऐकली आहे. त्याने पहिल्यांदाच ऐकली. शेवटी आजोबा म्हणाले, ‘मी ठोकळे काढले होते ना, तरी बोल्ट नव्हते काढले. बैठक खाली गेली पाहिजे, सुटली नाही पाहिजे.’

रेल कापायची नाही, हे त्यानंतर ठरले. मग शेजारच्या गृहस्थांनीच दुसरा उपाय सुचवला. सीटच्या पुढच्या दोन पायांखाली पोलादी चकती घालून ती थोडी उचलायची. ऐकायला हे उलटे वाटते. परंतु पुढची बाजू वर गेली की संपूर्ण सीट मागे कलते, पाठ किंचित मागे झुकते आणि डोके मागे व खाली येते. दहा मिलिमीटर उंचीने डोक्यावर साधारण पाव इंच मिळतो, मांड्यांना अधिक आधार मिळतो, आणि समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीपासून कपाळ दूर जाते. सुकाणूही थोडे दूर जाते. म्हणून हात पुरतात की नाही, हे आधी पाहावे.

यातही काळजी घ्यावीच लागते. पातळ वॉशरांची चळत रचू नये. एकच जाड पोलादी चकती वापरावी. सीट कलल्यावर मागचे पाय जमिनीवर सपाट बसत नाहीत, त्यामुळे बोल्ट एका कडेवर आवळला जातो. तिथे पाचरीच्या आकाराचा वॉशर लागतो. तो त्या गृहस्थांनी घडवून दिला. पुढचे बोल्ट चकतीच्या जाडीइतके लांब घ्यावेत, म्हणजे आटे पूर्वीइतकेच आत धरतात. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा पाहावा. ८.८ असेल, तर पहिला आकडा सांगतो की तो ८०० मेगापास्कल ताण सोसतो, आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. मूळ बोल्टपेक्षा कमी प्रतीचा बोल्ट कधीही घालू नये. आटे प्रथम हाताने फिरवून पाहावेत आणि शेवटी माहितीपुस्तकात दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने, आवळावेत.

आपल्या समूहातील ज्या घरांत उंच मुले आहेत, त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे सारे एका जुन्या, साध्या गाडीविषयी आहे. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते आणि बाजूच्या आसनाखाली बसणाऱ्याचे वजन ओळखणारी यंत्रणा असते. एअरबॅगच्या जोडण्या पिवळ्या रंगाच्या असतात. पिवळी जोडणी दिसली तर तिथेच थांबावे आणि जाणकाराकडे जावे. गाडी घेण्यापूर्वी मुलाला तिच्यात छप्पर लावून, पट्टा बांधून, दहा मिनिटे बसवावे, हे तर सर्वांत स्वस्त. आम्ही ते केले नव्हते.

शनिवारी सीट परत बसवली. मुलगा आत बसला. डोके आणि छपराच्या मध्ये जेमतेम दीड बोट जागा होती. त्याला हवी होती त्याहून ती कमी होती. तो काही क्षण गप्प बसला, मग आरसा खाली घेतला आणि म्हणाला, ‘चालेल.’

त्याला गाडी सुरू करू न देता आजोबा दारापाशी आले. त्यांनी त्याला उतरायला लावले. स्वतः वाकून, दोन्ही हातांनी सीटची पाठ धरून त्यांनी ती पुढे-मागे, डावी-उजवीकडे जोर लावून हलवली. पूर्वी रोज पहाटे फेरीवर निघण्याआधी ते चाकांचे नट असेच तपासत. सीट हलली नाही. मग त्यांनी टॉर्च मागवला आणि चारही बोल्ट एकेक करून पाहिले.

‘बस आता,’ ते म्हणाले.

मुलगा बसला. ‘आजोबा, तुम्ही पण या ना,’ म्हणून त्याने दुसऱ्या बाजूचे दार उघडले. त्या सीटला आम्ही हात लावला नव्हता. आजोबा आत बसले, तर त्यांचे डोके छपराला टेकले, आणि जुन्या सवयीने त्यांची मान डावीकडे कलली. मुलाने ते पाहिले. तो उतरला, छपराचे दोन्ही खटके सोडले आणि छप्पर पूर्ण मागे दुमडले.

दोघे कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी पाहत होतो. पुढच्या शनिवारी आम्ही दुसरी सीट बाहेर काढली.